गंगाक्काचं बी

बाजाराच्या एका गावात रेवणशेट नावाचा बियाणेवाला होता. माणूस मोठा गोड. मेथीचं बी घ्यायला आलेल्याला चहा पाजायचा आणि जाताना भोपळ्याचंही बी बांधून द्यायचा. त्याच्या वडिलांनी त्याला व्यापाराचं एकच शास्त्र शिकवलं होतं, "गादीवर बसून 'संपलं' म्हणू नये. खरंच नसेल तर 'उद्या या' म्हणावं. गादीवरचा शब्द खरा होतो." रेवणशेट ते हसून ऐकायचा आणि विसरायचा.

दुकानाशेजारी गंगाक्का राहायची. तिच्या कट्ट्यावर जुन्या मडक्यांत टोमॅटोची बुटकी झाडं असत. झाड बसलेल्या मांजराएवढं, ना काठीचा आधार ना दोरीचा, आणि अंगभर बोराएवढी लालचुटूक फळं. तसलं बी आसपासच्या कुठल्याच बाजारात नव्हतं.

शेवटच्या आजारात अक्कानं रेवणशेटला बोलावलं आणि फडक्याची एक पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली.

"पहिलं पिकलेलं फळ खाऊ नको. बियाला ठेव. आणि मडकं घेऊन दारात येईल त्याला चिमूटभर दे."

"फुकट, अक्का?"

"फुकटच. तुझ्या जिवावर येईल, ठाऊक आहे मला." ती हसली. मग हळूच म्हणाली, "आणि झाडांसमोर खोटं बोलू नको रे. त्यांना ऐकू जातं."

रेवणशेटनं वचन दिलं. अक्का गेली.

त्यानं शेणखत चाळून मातीत मिसळलं, बी नखाएवढ्या खोलीवर पेरलं आणि वर ओलं गोणपाट टाकलं. कोंब दिसताच गोणपाट काढलं आणि कोंबांना ऊन दाखवलं. रोपं चार पानांची झाली तशी एकेक मडक्यात लावून दुकानाच्या फळीवर मांडली. पहिली फळं पिकली, ती पाण्यात कुस्करली, गर आंबू दिला, बी धुऊन वाळवलं आणि पितळी डबीत भरलं. इथवर सगळं अक्काच्या शब्दाप्रमाणे झालं.

पण डबी हातात आली आणि आतला व्यापारी जागा झाला. एकाच दुकानात मिळणारं बी! थोडं ताणून धरलं तर अख्खा तालुका पायरी झिजवेल.

पहिली आली विणकराची सून शेवंता, कडेवर नवं कोरं मडकं घेऊन.

"शेट, अक्का म्हणाली होती, बी तुमच्याकडे मिळेल."

"संपलं गं बाई," रेवणशेट म्हणाला, आणि डबी मांडीखाली सारली.

भर दुपार होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरी फळीवरची सगळी पानं एकदम हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं बोटभर खाली आलेली दिसली. माती बसली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग कुंभार आला, शाळेच्या बाई आल्या. सगळ्यांना तेच उत्तर. आणि दर 'संपलं'नंतर झाडं आणखी खाली. लाल फळं हिरवी झाली. हिरवी फळं फुलांत शिरली. फुलं कळ्यांत मिटली. एक पान सुकलं नाही की गळलं नाही. झाडं आली होती त्याच वाटेनं परत निघाली होती.

त्यानं खत घातलं, पाणी घातलं. एके दिवशी प्रत्येक मडक्यात दोनच पानं उरली. दुसऱ्या दिवशी नुसती माती. धावत जाऊन त्यानं डबी उघडली. झाकण घट्ट होतं, आत एक दाणा नव्हता. अक्काच्या फडक्याचा वास तेवढा आला.

घामाघूम होऊन तो मडकी उकरू लागला. मडक्यामागून मडकं, माती आणि माती. शेवटच्या मडक्यात, नखाएवढ्या खोलीवर, एक बी सापडलं. कोरडं, अंगावर बारीक लव असलेलं, जणू कधी पेरलंच नव्हतं. त्यानं ते मुठीत घट्ट धरलं.

तोच दारात सावली पडली. शेवंता होती.

"शेट, आलं का बी?"

सवयीनं तोच शब्द त्याच्या जिभेवर आला. मुठीत काहीतरी आक्रसलं, मुंगीनं पाय आवळून घ्यावेत तसं. रेवणशेटला अक्काचे शब्द आठवले. हा शब्द तोंडातून गेला, तर अक्काचं बी जगातून गेलं.

त्यानं मूठ उघडली.

"एकच आहे. तुझ्या मडक्यात लाव. माझ्या मातीत ते आता रुजायचं नाही."

"एकच? मग तुम्हाला काय राहिलं?"

"खरं बोलायला तोंड राहिलं, तेवढं पुरे. ने बाई, लवकर ने."

शेवंताकडे ते बी उगवलं, फळलं आणि तिच्या हातून घरोघरी गेलं. रेवणशेटच्या फळीवरही तिनं दिलेली दोन झाडं आहेत. कुणी "बी आहे का?" विचारलं की तो आधी झाडांकडे बघतो, मग डबी उघडतो. झाडांची पानं उन्हाकडे वळलेली नसतात. त्याच्या तोंडाकडे वळलेली असतात.

तात्पर्य: वाटण्यासाठी हाती आलेलं दडवून जो 'संपलं' म्हणतो, त्याचं खरोखरच संपतं.