बाभूळ, अळंबी आणि तेलाचं पिंप

आता तिथल्या कुणाला आठवणारही नाही, इतक्या वर्षांमागे ओढ्याकाठी एक बाभूळ होती. तिला आपल्या कठीण लाकडाचा भारी तोरा. तिच्याच गळून पडलेल्या फांदीवर एक अळंबी राहायची. तिला पाहिलं की बाभूळ नाक मुरडायची, "दुसऱ्याचं कुजवून जगते मेली!"

एक दिवस वरच्या रस्त्यावरून जळक्या तेलाचं पिंप गडगडत आलं आणि बाभळीच्या बुंध्याशी फुटलं. माती काळी पडली, गवत करपलं. "आजी, जीव गुदमरतोय, निघतो मी," म्हणत तिच्या मुळांशी राहणारं गांडूळही गेलं. बाभळीची मुळं चरचरू लागली. तिला कुठे जाता येणार?

शेवटी तिने मान खाली घातली. "अळंबे, काही होईल का गं?"

"बघते की! तुझं लाकूड पचवून पचवून पोट तयार झालंय माझं. हे तेल त्याहून काय जड? फक्त घाई करू नकोस."

अळंबीने आपले पांढरे तंतू काळ्या मातीत सोडले. एक पावसाळा गेला, दुसराही सरला. एका सकाळी बाभळीला मुळांशी गुदगुल्या झाल्या. मातीतून ओळखीचा आवाज आला, "आजी, माझी जागा आहे ना अजून?"

बाभळीने केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग अंग हलवून एक जाडजूड वाळकी फांदी तिने अळंबीपुढे टाकली.

"बाई, आता घरचं जेव."