चिकटणारी निसुर्डी

वाडीवरच्या सड्यावरून, त्या कातळाच्या पठारावरून, उतरताना कपड्यांना जी बी चिकटेल, ती वेशीवरच्या धुनीत जाळायची. का, ते विचारायचं नाही. "बीबरोबर ताप घरात शिरतो," असं सर्वांत थोरले धाकूआबा सांगायचे आणि अख्खी वाडी मान डोलवायची.

चिमुकल्या ठकूनं हा नियम कधीच मोडला नव्हता. तरीही तिच्या आईला ताप आला. घरात तिसरं माणूस नव्हतं. आज सकाळी तर आईनं तिला ओळखलंसुद्धा नाही. ठकू धावत सड्यावर गेली आणि खडकाआड बसून मुसमुसू लागली.

सडा निसुर्डीच्या इवल्या इवल्या निळ्या फुलांनी लखलखत होता. त्या निळाईतून एक ठिणगी उडाली आणि ठकूच्या गुडघ्यावर बसली. ती होती बोटभर उंचीची परी! पण तिचे पंख विझत चालले होते.

"रडू नकोस गं," परी म्हणाली. "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण आधी माझं झाड ओळख. एकच उरलंय. ऊन कड्यावरून उतरायच्या आत सापडलं नाही, तर मीही विझेन."

"माझ्या आईचा ताप उतरू दे! पण ही सगळी सारखीच आहेत!"

"असं न बघणारे म्हणतात."

ऊन तर भराभर सरकत होतं. ती रांगत रांगत एकेक फूल बघू लागली. निळ्या पाकळ्या सारख्या, मधला पिवळा ठिपकाही सारखा. मग तिनं फुलाखालची हिरवी वाटी डोळ्यांजवळ धरली. तिच्यावरची रेशमी लव सपाट निजलेली होती. पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. ऊन कड्याच्या काठाला टेकलं, आणि एका कपारीत तिला एक झाड दिसलं. त्याच्या वाटीवरची लव ताठ उभी होती, टोकाला बारीक आकडे! खाली पिकलेली बीसुद्धा आकड्यांची. ती टुणकन ठकूच्या परकराला चिकटली.

"हेच!" ठकू ओरडली.

परीचे पंख झळाळले. "आता बी दारात पेर. ती मातीत पडली की ताप उतरेल. पण लपवून न्यायची नाही आणि खोटं बोलायचं नाही."

ठकू बीकडे बघत राहिली. "सपाट लववालीची बी चिकटतच नाही. म्हणून ती सडाभर पसरली. आणि तुझी..."

"चिकटते, म्हणून जळते," परी हळूच म्हणाली.

वेशीवर धाकूआबा आणि वाडीतली म्हातारी सखूआत्या काठ्या टेकून उभे होते.

"परकराला काय आहे गं?" आत्यानं विचारलं.

ठकूनं परकर झाकला नाही. "निसुर्डीची बी. आईसाठी आणलीय."

"टाक धुनीत!" आबा कडाडले. "आईला मारतेस का?"

"मी चिकटलेली प्रत्येक बी जाळली, आबा. तरी ताप आलाच ना?"

"थोरांना उलट बोलतेस? टाक म्हणतो ना!"

"नाही टाकणार."

काठीखालून वाकून ठकू निसटली आणि घराकडे पळत सुटली. "अरे, धरा तिला!" म्हणत आबा, आत्या आणि वाडीतली माणसं मागे. दारापाशी तिनं नखांनी माती उकरली आणि बी आत ठेवली.

काहीच घडलं नाही.

मग मातीतून निळाशार उजेड उसळला. त्यात परी क्षणभर हसली, ठकूच्या गालाला पंख लावला आणि उजेडातच विरून गेली.

आतून हाक आली, "ठकू, भूक लागली गं बाळा."

ठकूनं मातीचे हात परकराला पुसले आणि वळून आबांकडे पाहिलं.

"आता सांगा. का जाळायची?"

धाकूआबांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं जमिनीकडे.