रेघ कुठे ओढायची

माणसाची कुऱ्हाड अजून पोचली नव्हती, अशा एका रानातली ही गोष्ट. ऐन वैशाखात, पावसाचा थेंबही न पडता, डोंगरमाथ्यावरच्या वठलेल्या सागावर वीज कोसळली आणि वणवा पेटला.

म्हातारा वानर शेंड्यावर चढून वारा बघून आला. म्हणाला, “हा काही विझायचा नाही. खाली आटलेल्या ओढ्याकाठचा पाचोळा उकरून उघड्या मातीची रेघ ओढा. पलीकडचं जळेल, अलीकडचं वाचेल.”

सगळे उकरू लागले. तेवढ्यात गवा म्हणाला, “आबा, माझं बांबूचं बेट पलीकडे राहतंय. रेघ जरा वर घ्या की.”

रेघ वर नेली की वेळ कमी पडणार, हे वानराला कळत होतं. पण सगळे आपल्याला आबा म्हणतात, याचं त्याला भारी अप्रूप. त्याने रेघ वर घेतली. उकरलेलं अर्धवट टाकून सगळे नव्याने उकरू लागले.

मग साळू फणकारली, “आणि आमचं बीळ वाऱ्यावर सोडता काय?” रेघ आणखी वर सरकली. त्यानंतर भेकराची जाळी निघाली, सशाचं गवत निघालं. आबांना कुणाचंच मन मोडवेना. सरकत सरकत रेघ थेट वणव्याच्या तोंडाशी गेली, तेव्हा सगळे जीव मुठीत धरून ओढ्याकडे पळाले.

“आबा, रेघ इथेच ओढा!” गवा धापा टाकत म्हणाला.

या खेपेला कुणाचीच हरकत नव्हती, कारण पलीकडे कुणाचंच काही उरलं नव्हतं. वानराने मान वळवून मागे पाहिलं. रानाचं एकमत झालं, तेव्हा अलीकडचा पाचोळा पेटला होता.