निरोपाचं शेपूट

त्या राज्याचा सगळा कारभार निरोपांवर चाले आणि निरोप साळुंक्या नेत. निरोप कोणाचाही असो, साळुंकीने आधी मधल्या वडावर उतरायचे, तिथल्या पोपटाला तो ऐकवायचा आणि मगच पुढे उडायचे, अशी रीत होती.

एकदा एका बढाईखोर कावळ्याने शेजारच्या राज्यात परस्पर निरोप धाडला, "यंदा आमच्या उंबरांवर या, हवं तेवढं खा." शेजारी थव्यांनी आले आणि पिकलेली उंबरं फस्त करून गेले. वर "तुमच्याच राज्याचा निरोप होता," असे सुनावूनही गेले. झाली ती नाचक्की पुरे, म्हणून घुबड-प्रधानांनी फर्मान काढले, की बाहेर जाणाऱ्या निरोपाच्या शेवटी पोपटाने एक वाक्य जोडावे: "या निरोपाच्या खरेखोटेपणास हे राज्य जबाबदार नाही, चुकून कानी पडल्यास विसरून जावे." पक्षी त्याला शेपूट म्हणू लागले.

फर्मान शहाणपणाचे होते. पण पोपट बसे राज्याच्या ऐन मध्यावर. समोरचा निरोप वेशीबाहेर जाणार की पलीकडच्या झाडावर, हे विचारण्याच्या फंदात तो कशाला पडेल? त्याने सरसकट सगळ्यांना शेपूट लावले. उत्तराचा निरोप वडावरून परतला की त्यालाही आणखी एक शेपूट लागे. नाकापेक्षा मोती जड झाला. सुगरणीने नवऱ्याला "खोपा आवडला" असे कळवले, तेही शेपटासकट पोचले आणि तो बिचारा दिवसभर खोपा उसवून पुन्हा विणत बसला.

हे हसण्यावारी नेता आले असते, पण पुढे टिटवीवर पाळी आली. तिची अंडी नदीकाठच्या वाळूत, उघड्यावर. एका सकाळी तिथे मुंगूस दिसले. दूरच्या अर्जुनाच्या झाडावर कोतवाल राहत. काळे, लहानखुरे, पण ससाण्याच्याही अंगावर धावून जाणारे पक्षी. टिटवीने त्यांना निरोप धाडला, "मुंगूस आलंय, अंडी वाचवा, धावा!"

कोतवालांनी तो शेपटापर्यंत ऐकला. "जबाबदार कोणी नाही, आणि वर विसरून जा म्हणतात," म्हातारा कोतवाल साळुंकीला म्हणाला. "खरं आहे का, तेवढं विचारून ये बाई." ती विचारणाही वडावरूनच गेली. ती पोचेपर्यंत एक अंडे फुटले होते आणि मुंगूस मिशा पुसत निघून गेले होते. उरलेली अंडी पोटाशी धरून टिटवी रडत राहिली. तिच्याकडे बघवत नव्हते.

मग ती प्रधानांकडे गेली.

"शेपूट तोडा, असं मी म्हणत नाही. बढाईखोर आहेत तोवर ते लागणारच," ती म्हणाली. "पण प्रधानजी, घरातल्या घरात कशाला? पोपटाला वेशीवर बसवा."

"वेशीवर नुसती बाभळ आहे!" पोपट किंचाळला. "ना फळ, ना सावली."

"मग फर्मान मी कशासाठी काढलं होतं?" प्रधानांनी डोळे उघडून विचारले. "वडाच्या फळांसाठी?"

पोपट कुरकुरत बाभळीवर गेला. राज्यातल्या राज्यात जाणाऱ्या निरोपांना वाटेत थांबण्याचे कारण उरले नाही. तरी टिटवीला झोप येईना. फर्मान एका दिवसात बदलते. शंका घ्यायची सवय लागलेले कान बदलतील का, हे कोण सांगणार?

मुंगसाला चटक लागलेलीच होती. ते परत आले, वाळूला पोट घासत, सावकाश. टिटवीने साळुंकीच्या कानात निरोप घातला आणि पंख पसरून अंड्यांवर बसली.

साळुंकी सरळ उडाली. अर्जुनाच्या फांदीवर उतरून तिने धाप टाकली आणि सुरुवात केली, "टिटवी म्हणते, मुंगूस…"

एकदम काळ्या पंखांचा फडफडाट झाला. थोड्याच वेळात तिकडे नदीकाठी मुंगूस डोके लपवत झुडपांकडे पळत सुटले. आणि इकडे, रिकाम्या झालेल्या अर्जुनावर, उरलेला निरोप चोचीत धरून साळुंकी एकटीच बसून राहिली होती.