बुवांच्या दारातला उंबरा

अहो पाहुणे, पाय उचला! उंबरा नाही हे मलाही दिसतंय, डोळे शाबूत आहेत माझे. तरी उचला. या, टेका इथं, सांगतो.

फार जुनी गोष्ट. आमच्या पंथाचे पहिले बुवा, चांगोबुवा, याच घरात राहायचे. इथंच बसून निरूपण करायचे. कुंभाराची सावळी रोज ऐकायला यायची. तिचे पाय जन्मापासून लुळे. हातांवर सरकत यायची आणि उंबरा उंच म्हणून बाहेर उन्हात बसायची. कुणी उचलून आत नेऊ म्हटलं तर म्हणायची, "ओझं होऊन नाही यायचं मला."

एक दिवस बुवांनी पहार घेतली आणि उंबराच उपटला. त्यांची बायको भागाई कडाडली, "घराची राखण उंबऱ्यावर असते! माझं लेकरू पाळण्यात आहे. त्याला काही झालं म्हणजे?"

"अगं, चोर काय, ओलांडून येतो," बुवा म्हणाले. "अडते ती ही एकटीच."

सावळी आत येऊ लागली. भागाई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. पण सावळी बसल्या जागेवरून पाळण्याची दोरी ओढायची, आणि पोर तिच्याच हातानं झोपायचं. मग किती दिवस रुसणार बाई?

त्या साली भादव्यात नदी फुगली. बुवा परगावी, भागाई रानात, पोर घरात सावळीपाशी. भर दुपारी पाणी गावात शिरलं. लोक टेकडीकडे पळाले. सावळीला कुठलं पळता येतंय! पोराला घ्यावं तर सरकायला हात कुठले? ती दाराशी गेली आणि उंबऱ्याच्या जागी आडवी झाली. गावातले सगळे उंबरे बुडाले, पण पाणी तिला ओलांडून आत आलं नाही, असं म्हणतात.

भागाई ऊर फुटेस्तोवर धावत आली. पोर कोरडं, गाढ झोपलेलं. सावळी दारात तशीच, जीव गेलेला. तिला उचलायला गेले तर हाताला नुसती कुंभारानं मळावी तशी ओली माती लागली, असं म्हणतात. ती तिथंच भुईत मुरली. भागाई किती रडली, काय सांगू तुम्हाला!

पुढं सुतार नवा उंबरा घेऊन आला. भागाईनं त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, "आहे माझ्या दारात उंबरा."

तेव्हापासून इथं येणारा पाय उचलूनच आत येतो. उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो ना! गावात नवी सून आली की पहिलं माप इथंच ओलांडते. ज्याला पाय उचलता येत नाही, त्यानं मात्र खुशाल सरकत यावं. ही वाट त्याच्यासाठीच केलेली आहे.