एक छेद सतरा

“...आणि तेच आकडे नाहीच आले फिरून, तर?” रंगनाथने विचारलं. “काही अपूर्णांक असेही असतील ना, बुवा? दशांशात मांडले की नुसते पुढे पुढेच जाणारे?”

निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत होते. मठात येण्याआधी ते गावच्या शाळेत गणित शिकवायचे. रंगनाथ तेव्हा त्यांचा विद्यार्थी. आता त्याच शाळेत तोच गणित शिकवत होता, आणि आपल्याइतकं गणित तालुक्यात कुणाला येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“कुणाशी भांडून आलास?” बुवांनी विचारलं.

रंगनाथ जरा घुटमळला.

“सातवीत द्वारका म्हणून एक मुलगी आहे. मी फळ्यावर एक छेद सात करून दाखवला. एक, चार, दोन, आठ, पाच, सात, की पुन्हा तेच. म्हटलं, एक छेद सतरा मात्र असा फिरत नाही. तर ही उठून म्हणते, गुरुजी, तोही फिरणारच.”

“मग?”

“विचारलं, कशावरून? तिला सांगता येईना. म्हटलं, सांगता येत नसेल तर तोंड मिटून बसावं. वर्ग हसला.”

“आणि ती?”

“...शाळेत यायचीच बंद झाली.”

बुवा उठले. चुलीतला विझलेला कोळसा आणून त्यांनी रंगनाथच्या हातात ठेवला आणि समोरच्या फरशीकडे बोट केलं.

“घाल भाग.”

“दहा घरांपर्यंत केलाय मी, बुवा. काही फिरत नाही.”

“इथे कर.”

रंगनाथ मांडी घालून बसला. एकाला सतराने भागू लागला. वर उत्तर वाढत गेलं, खाली एकेक बाकी उतरत गेली. शून्य, पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच, दोन, नऊ, चार.

“बघा,” तो म्हणाला. “आठ दोनदा आला, पाच दोनदा आला, पण ओळ काही फिरली नाही.”

बुवांनी पंचा ओला केला आणि वरचं सगळं उत्तर पुसून टाकलं.

“बुवा!”

“उरलं ते वाच.”

रंगनाथने ओठ आवळले. मग खालच्या बाक्या वाचू लागला.

“दहा, पंधरा, चौदा, चार, सहा, नऊ, पाच, सोळा, सात, दोन.”

“यातली कुठली दोनदा आली?”

“...एकही नाही.”

“सतराने भागल्यावर बाकी काय काय उरू शकते?”

“एकपासून सोळापर्यंत. शून्य उरलं तर भागाकारच संपला.”

“म्हणजे न आलेल्या किती राहिल्या?”

रंगनाथने बोटांवर मोजलं.

“सहा.”

“त्या सरल्या की?”

“मग आधीची एखादी बाकी परत येणारच,” रंगनाथ पुटपुटला. कोळसा हातातच राहिला...

“कळलं ना?” बुवा म्हणाले. “मग ऊठ. भाकरी खाऊन घे.”

“नाही, बुवा. शेवटपर्यंत करूनच उठेन.”

ऊन ओसरीवर चढलं. तो वाकून भाग घालत राहिला. तीन उरले. तेरा. अकरा. आठ. बारा. मग एकशे वीस. सतरा साते एकशे एकोणीस.

बाकी एक.

“ज्या एकाला भागायला घेतलं, तोच हा,” तो हळूच म्हणाला. “इथून पुढे सगळं तेच येणार.”



रंगनाथने हात धुतले, टोपी घातली, वहाणा पायात सरकवल्या.

“आधी द्वारकेच्या घरी जातो. तिच्या आई-बापासमोर सांगतो, तुझंच बरोबर होतं.”

बुवांनी शेंगांची पाटी पुन्हा पुढ्यात ओढली.

“ते तिला ठाऊक आहे, रंगनाथ. वर्गाला सांग.”