आईच्या घराचा उतार

डोंगराआडच्या एका गावात एक म्हातारा सुतार राहायचा. त्याचं बालपण गवताने शाकारलेल्या घरात गेलं होतं. त्या घराचं छप्पर चांगलं उभं होतं, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखं. पाणी गवतात मुरायच्या आत खाली पळायचं. आत आई भाकऱ्या थापायची आणि चुलीच्या उबेला पोरं गाढ झोपायची. ते घर गेलं, आईही गेली. म्हाताऱ्याच्या जिवाला हुरहुर तेवढी राहिली.

गावातल्या कुंभारणीने नवं घर बांधायला काढलं. कौलं तिने स्वतः घडवून भाजली होती. वासे बसवायला सुतार आला आणि त्याने डोळे मिटून आईच्या घराचा उतार धरला.

कुंभारणीने एक कौल वर ठेवून पाहिलं. ते सरकलं. ती भीत भीत म्हणाली, "काका, उतार जरा कमी करा. हितनं पाणी धावंल, पण कौलबी त्याच्यामागं धावंल."

सुताराला ते झोंबलं. "माझ्या आईच्या घराचा उतार हाय ह्यो. कधी थेंब गळला न्हाई त्यातनं."

खोटं नव्हतं ते. पण गवत वाशांना बांधलेलं असतं आणि कौल नुसतं ठेवलेलं असतं, हे मायेच्या भरात तो साफ विसरला. वडील माणसाचा शब्द मोडवेना म्हणून कुंभारणीने त्याच उतारावर कौलं चढवली.

पुढे हस्ताचा पाऊस वाऱ्यासकट आला. एक कौल निसटलं, मग ओळीच्या ओळी घसरल्या. घरात दिवाळीच्या कच्च्या पणत्या वाळत होत्या. तिच्या महिनाभराच्या कष्टांचा चिखल झाला.

सुतार धावत आला. त्याने एक पणती उचलली, ती हातातच विरघळली. म्हाताऱ्याला रडू आलं. "पोरी, मी तुझं घर बांधलंच न्हाई," तो म्हणाला. "माझंच बांधत बसलो."

उघडीप मिळताच त्याने छप्पर उतरवलं. या खेपेला वर कौल ठेवलं, तांब्याभर पाणी ओतलं, आणि पाणी वाहील पण कौल हलणार नाही एवढाच उतार दिला. पणत्यांची मातीही त्याने स्वतः तुडवून दिली. दिवाळीला पणत्या वेळेवर लागल्या.

उरलेल्या वाशांचं त्याने परसात कुंभारणीच्या गाढवासाठी खोपटं बांधलं, गवताने शाकारलेलं, थेट आईच्या घराच्या उताराचं. दुपारी तो तिथेच जाऊन टेकायचा. गाढवाची काही हरकत नसायची.

तात्पर्य: आठवण मायेने जपावी, पण दुसऱ्याच्या घराला उतार द्यायचा तो त्याच्या छपरावर काय येणार हे पाहून.